वाढीचं औषध

रविवारी पावसानं उघडीप दिली, तसा अमृत वेल्ह्याच्या बाजारातून आणलेली बाटली घेऊन शेतावर निघाला. लावणी तोंडावर आली तरी भाताची रोपं खुरटलेलीच होती. समुद्रातल्या शेवाळाचा अर्क आहे, त्यात वाढीची संप्रेरकं असतात, फवारा की रोपं तरारलीच, असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिलीतली शेफाली बापाच्या मागं मागं आली आणि बांधावर बसली.

“पप्पा, ह्यानं लवकर मोठं होतं?”

“तर! बघच तू.”

पंपात पाणी भरायला अमृत ओढ्यावर गेला. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली त्याची आई, बाळाबाई, वाफ्याकडं बघून खो खो हसत सुटली.

“अमृत, ये, बघ रं तुजं नवं रोप!”

शेफाली रोपांच्या मधोमध चिखलात पाय रोवून ताठ उभी होती. डोक्यावरून काळपट अर्क ओघळत होता आणि हातातली बाटली रिकामी होती.

अमृत मात्र भडकला. “सगळी वतलीस व्हय गं अंगावर? एवढी कसली घाई झालीया तुला मोठं व्हायची?”

शेफालीनं चिखलातले पाय हलवले नाहीत.

 

“तुमीच म्हनला व्हता ना पप्पा, मोठी झालीस की सांगतो, आई कुठं गेली ते.”