मागचा ठोका

न्यूमोनिया झालेल्या आजोबांनी दवाखान्यात राहायला साफ नकार दिला, म्हणून सिस्टर रोज सकाळी घरीच सलाईन लावायला यायची.

पहिल्याच दिवशी स्टेथोस्कोपमधून तिला दोन ठोके ऐकू आले. एक आजोबांचा आणि त्याच्या किंचित मागे दुसरा, हलका.

तिचा चेहरा बघून आजोबा म्हणाले, "आमची ही असेल. जाऊन चार वर्षं झाली, पण जन्मभर दोन पावलं मागेच चालायची."

सिस्टरला हसू आलं. पुढे ती दोन्ही ठोके मायेने मोजू लागली.

आठव्या दिवशी ताप उतरला. आजोबा उठून चहा पीत बसले होते. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. पुढचा, आजोबांचा ठोका नव्हताच. मागचा तेवढा संथ चालू होता.

"काय सिस्टर," आजोबांनी हसत विचारलं, "कसे आहोत आम्ही दोघं?"