नियंत्रित गट

"पायऱ्या कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

दोघी बहिणींतली थोरली मान खाली घालून उभी होती. टेबलावर तिची उत्तरपत्रिका. अपूर्णांकांची सगळी उत्तरं बरोबर आणि एकाही उदाहरणाला पायरी नाही. गेल्या वर्षी नापास होऊन यंदा पुन्हा त्याच इयत्तेत, ब तुकडीत बसलेली मुलगी.

मधली सुट्टी होती. मैदानावरचा आरडाओरडा खिडकीतून आत येत होता. वर्गात तिघंच. थोरली, ब तुकडीचे गणिताचे सर आणि पीएच.डी.साठी या शाळेत प्रयोग मांडून बसलेल्या मॅडम. प्रयोग साधा होता. अ तुकडीला मॅडम स्वतः नव्या पद्धतीने शिकवणार, ब तुकडीला सर नेहमीसारखं; तुलनेसाठी ठेवलेला हा नियंत्रित गट. शेवटी दोन्ही तुकड्यांची एकच परीक्षा; जो फरक पडेल तो पद्धतीचा. आणि मधल्याच चाचणीत ब तुकडी जवळजवळ अ च्या बरोबरीला येऊन बसली होती. तेव्हापासून मॅडमना जेवण गोड लागत नव्हतं.

"कोणाचं बघून लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"कोणाचंच नाही."

"गेल्या वर्षी भोपळा आणि यंदा पैकीच्या पैकी?"

सरांचा आवाज मॅडमना जरा जास्तच चढलेला वाटला. चोराच्या उलट्या बोंबा, त्यांच्या मनात आलं. पहिल्या दिवसापासून हा माणूस कुरकुरत होता. माझ्याच पोरांनी काय घोडं मारलंय, म्हणून.

"सर, ती पहिल्या बाकावर एकटी बसली होती," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बघणार कोणाचं? कोणीतरी सांगितल्याशिवाय..."

"कोणीतरी म्हणजे मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"आता म्हणायचं काय राहिलं, मॅडम? या फळ्यासमोर केस पांढरे झाले माझे. आजवर कोणी असं बोट दाखवलं नव्हतं."

थोरलीने वर पाहिलं. "सरांनी नाही सांगितलं काही."

"मग कोणी?"

तिने मान पुन्हा खाली घातली.

"नक्कल केली असशील तर आत्ताच सांग," सर म्हणाले. "एकदा मुख्याध्यापकांकडे गेलं, की माझ्या हातात काही राहणार नाही."

"केली," ती म्हणाली.

"कोणाची?"

"केली कोणाची तरी."

सरांनी सुस्कारा सोडला. मॅडमना मात्र हा कबुलीजबाब फार झटपट आल्यासारखा वाटला. त्यांनी खडू पुढे केला. "तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश? लिहून दाखव."

थोरलीने खडू घेतला, पण फळ्याकडे वळलीच नाही. दुसऱ्या हाताची बोटं फ्रॉकच्या कडेशी गेली. कड दुमडली, परत दुमडली. मग सोडून दिली आणि वेगळी घडी घातली.

"तीन चतुर्थांश."

"कशावरून?"

"उरलेला तुकडा बघायचा. ज्याचा उरलेला लहान, तो मोठा."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. शब्द न् शब्द त्यांचा होता. अ तुकडीत, दार लावून शिकवलेला. इथलं काही या भिंतींबाहेर जाता कामा नये, असं मुलांकडून वदवून घेऊन. आणि अ तुकडीत, खिडकीजवळ, हिची धाकटी बहीण बसायची.

"धाकटीने शिकवलं?"

"तिला रागावू नका. ती नाहीच म्हणत होती. मीच मागे लागले. मला पुन्हा नापास नव्हतं व्हायचं." थोरलीचे डोळे भरून आले होते. "वचन मोडलं म्हणून तिला वर्गाबाहेर काढाल ना?"

मॅडम पुढे झुकल्या. "आणि तू कोणाकोणाला सांगितलंस?"

"ज्यांना येत नव्हतं त्यांना."

सर मटकन बाकावर बसले आणि हसायलाच लागले. "म्हणजे नक्कल नाही! येतंय की हो पोरांना!"

"नक्कल असती तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "आता दोन्ही तुकड्यांत माझीच पद्धत; फरक कशाचा मोजायचा?"

सरांचं हसू थांबलं. मॅडमनी उत्तरपत्रिका उचलली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"हे बघ," त्या थोरलीला म्हणाल्या, आवाज शक्य तितका मऊ करून, "धाकटीला मी काही करणार नाही. पण शेवटच्या परीक्षेत तू असं करायचं नाहीस. सर शिकवतात तसंच सोडवायचं. तुझ्या मैत्रिणींनाही सांग. कळलं?"

थोरलीने मान डोलावली. डोळे पुसले. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"पण मॅडम, मला आता ते दिसतं," ती म्हणाली. "दिसत नाही असं कसं करायचं?"