उशाकडची फळी

थोरली रचना बोरगावला सासरी ‘झोपेतच गेली’ तेव्हा तिचं लेकरू सहा महिन्यांचं होतं. “मावशीच आता आई हुईल,” म्हणत सासरच्यांनी धाकटीला मागणी घातली अन् रचनाचाच सागवानी पलंगही नव्यानं पॉलिशला माहेरी येळ्ळूरला धाडला. तिच्या सुतार बापानं, मष्णूनं, उशाकडच्या फळीवर काळपट रंगाचा हात दिला आणि चिंधीनं पुसून घेतला. रंग राहिला तो खोलगटातच: लेकीसाठी त्यानंच कोरलेल्या मोरवेलीत, अन् वेलीखालच्या चार वाकड्या रेघांत. “रेघांत लांबीचा लगदा भरून बुजवा की,” बायको अंबुबाई म्हणाली, “परवा हळद हाय धाकटीची.” मष्णूनं रेघांकडं बोट केलं, तशी ती वाकली. चार बोटं रेघांवर ठेवली. नखं नेमकी बसली. “अवो, माझी पोर झोपेत न्हाय गेली!” मष्णूनं रेघांवर वार्निशचा हात फिरवला. “आता रेघांतला रंग सुटायचा न्हाय. पलंग पोलीस ठाण्यात जाईल. पोरगी कुटंच जायाची न्हाय.”