फ्लॉप्यांची पिशवी

जनू रोज पेणच्या ऑफिसातून फ्लॉप्यांची पिशवी घेऊन एसटीनं रोह्याच्या कारखान्यात जायचा. अठ्ठ्याण्णव साली कंपनीनं दोन्हीकडचे संगणक जोडायला रोह्यात नेटवर्कचा स्विच आणि फायरवॉल ही यंत्रं बसवली.

"आता सगळं तारेतून जाईल," पेणचे कर्णिकसाहेब म्हणाले.

"मंग माजं काय, सायेब?"

"बघू."

भलत्यासलत्याचा हात लागू नये म्हणून साहेबांनी ती यंत्रं रोह्यात लोखंडी कपाटात बंद केली आणि किल्ली पेणला आपल्या खणात ठेवली. आठवड्यातच रोह्याहून फोन सुरू झाले, "साहेब, आजही अडकलंय. कपाट उघडून एकदा बंद-चालू करायला लागेल."

***

जनूची एसटी तीच आहे, वाटेतला नागोठण्याचा चहाही तोच. फक्त पिशवीत आता फ्लॉप्यांऐवजी किल्ली असते.