साखरलेली झडप

मुरलीधर घरी आला की आईच्या तोंडाकडे बघतच नाही, तिच्या छातीला यंत्र लावून पडद्याला डोळे चिकटवून बसतो, ही त्याच्या आईची, भागाक्काची, जुनी तक्रार. तिच्या काळजातली पॉलिमरची मऊ झडप त्यानेच बनवली होती. आज पडद्यावर त्या झडपेत पांढरी फुलं उमललेली दिसली.

"रांगोळीच की रे!"

"स्फटिक आहेत, आई. विस्कटलेले रेणू ओळीनं बसले, की झडप कडक होते."

"साखरली म्हण की, पाकासारखी. मग बदल."

"पुन्हा छाती उघडणं तुला सोसणार नाही. आणि स्फटिक वितळायला फार उष्णता लागते." त्याचे डोळे पडद्यावरच होते.

"साखरलेला पाक परत चुलीवर ठेवता येतो, मुरल्या. मला ठेवशील ती चितेवरच. कारागीर मोठा झालास, पण भित्राच राहिलास. पडदा सोड आणि जित्या आईकडं बघ."