पाच अंश

थर्मामीटरमधली लाल रेघ पंचाण्णवावर येऊन थांबली. बीकरमधलं पाणी चांगलं खळखळत होतं, बुडबुडे तळापासून वरपर्यंत येत होते, रेघ मात्र जागची हलत नव्हती. तिने गुडघे वाकवून डोळा रेघेच्या पातळीत आणला. पंचाण्णव. अर्धा अंशही इकडेतिकडे नाही.

तिच्या मागे फळ्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पाणी १०० अंशांना उकळते.’ तास सुरू व्हायच्या आधी प्रयोगाचं नाव लिहिता लिहिता हाताने तेही लिहून टाकलं होतं. बावीस वर्षं तो हात हेच लिहीत आला होता.

परदेशातल्या या शाळेत येऊन तिला चार दिवस झाले होते आणि मुलांसमोरचा हा पहिलाच तास होता. मागच्या बाकावर विभागप्रमुख बाई मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या. नव्या शिक्षकाचा पहिला तास त्या पाहायच्या, अशी इथली रीत. अ‍ॅप्रनच्या खिशात फोन होता. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप सकाळीच आला होता : ‘बाई, आज मीटिंग आहे. तुमची पक्की जागा वर्षभर धरून ठेवू की भरू, ते आजच सांगा. दोन महिने विचारतोय.’

ती टेबलांमधून फिरू लागली. सात टेबलं, प्रत्येकावर दोघं, आणि दर जोडीला आपापला बर्नर. ही चैन तिला नवी होती. तिकडे साठ मुलांत एक बर्नर असायचा, तोही तिच्या हातात.

पहिल्या वहीत १००. दुसऱ्या वहीत १००. तिसऱ्या वहीवर खोडरबराचा काळपट चुरा पडला होता. ती वही एका चष्मेवाल्या मुलीची होती. मुलीच्या हातून वही घेऊन तिने पान खिडकीच्या उजेडात धरलं. शंभराच्या खाली पंचाण्णवाचे वळ दिसत होते.

“हे का खोडलंस?”

मुलगी गोरीमोरी झाली. “आमचा थर्मामीटर बिघडलाय, मिस.”

“कशावरून?”

मुलीने फळ्याकडे पाहिलं.

“आमचापण बिघडलाय,” पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. मग त्याच्याही पलीकडून. सातच्या सात थर्मामीटर बिघडले होते, आणि सगळे नेमके पाच अंशांनी.

तिकडे रेघ अठ्ठ्याण्णवावर थांबायची. “शंभरच लिहायला सांगा, बाई,” मुख्याध्यापक म्हणायचे. “दोन अंशांसाठी परीक्षकाशी हुज्जत कशाला?” आणि ती तसं सांगायची. दोन अंश खोडायला फार जोर लागत नाही.

मागच्या बाकावर पेनाची कुरकुर ऐकू आली. विभागप्रमुख बाई काहीतरी लिहीत होत्या.

ती फळ्याशी गेली. डस्टर सापडेना, म्हणून तळहातानेच १०० पुसलं.

“थर्मामीटर सगळे धड आहेत,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. तुम्ही बघायच्या आधीच मी उत्तर लिहून ठेवलं. आता सांगा, पाण्याला आज इतकी घाई का झाली?”

मुलं एकमेकांच्या थर्मामीटरकडे बघू लागली.

“बरं, माझी फजिती ऐका. चार दिवस माझ्या घरी बटाटे शिजत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी शेगडीला नावं ठेवली. नवरा फोनवर म्हणतो, बटाट्यांची अजून तुझ्याशी ओळख झाली नसेल.” मुलं हसली. “आणि पहिल्या दिवशी या शाळेचा जिना चढताना मला धाप लागली. ते मी वयावर ढकललं.”

चष्मेवालीने हात अर्धा वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. “आपलं गाव उंचावर आहे.”

“मग?”

“मग हवा विरळ असते. म्हणजे पाण्यावर हवेचा दाब कमी... म्हणजे ते लवकर उकळतं!” ती उभीच राहिली. “आणि बटाट्यांना पंचाण्णवच अंश मिळतात, म्हणून ते उशिरा शिजतात!”

वर्गात एकच गलका झाला. तळमजल्यावर किती येईल, गच्चीवर किती येईल, यावर पैजा लागल्या. “मिस, परत करू?” सातही बर्नर पुन्हा पेटले. घंटा झाली, तरी कुणी दप्तराला हात लावला नाही. चष्मेवालीने पंचाण्णव इतक्या जोरात लिहिलं, की खोडून पातळ झालेला कागद तिथे फाटला.

शेवटी मुलं गेली. विभागप्रमुख बाई फाइल मिटून पुढे आल्या.

“तुमच्या आधीच्या शाळेत किती यायचं?”

“अठ्ठ्याण्णव.”

“आणि वह्यांमध्ये?”

“शंभर.”

बाई हसल्या. “इथेही गेल्या वर्षीपर्यंत शंभरच यायचं. थर्मामीटर हेच होते.” दाराशी जाऊन त्या वळल्या. “पुढच्या आठवड्यात माझा वर्ग घेऊन येते. त्यांच्याही वह्या बघा.”

खिशातला फोन वाजू लागला. तिने हातावरचा खडू अ‍ॅप्रनला पुसला.

“अहो बाई, सगळे बसलेत इथे,” मुख्याध्यापक म्हणाले. “धरूनच ठेवतो ना जागा? तिकडे नाही जमलं तर आपलं घर आहेच. पक्की नोकरी आहे, बाई. अशी कुणी सोडतं का?”

शेवटच्या टेबलावरचा बर्नर मुलांनी तसाच ठेवला होता. पाणी अजून उकळत होतं.

“भरा, सर,” ती म्हणाली. “मी परत येत नाही.”