पक्कं काम

"मिस्त्री, किती वेळ लागेल?"

बॉनेटखालून वाफ येत होती. ती गाडीपासून चार हात लांब उभी राहून विचारत होती, इतर गिऱ्हाइकं विचारतात तसं. मिस्त्रीनं मान वर केली नाही. "आधी थंड तर होऊ दे," तो म्हणाला. तिला नाही, गाडीला. सहा वर्षं झाली, पोटच्या पोरीला आता कोणत्या तोंडानं हाक मारायची ते त्याला सुचत नव्हतं. म्हणून ती आली की तो गाडीशीच बोलायचा.

तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं तेव्हा त्यानं चारचौघांत सांगितलं होतं, माझ्या घराची पायरी चढायची नाही. असली वाक्यं तोंडातून जायला बापांना क्षण पुरतो, आणि परत घ्यायला जन्म पुरत नाही. पोरगी त्याचीच. ती घराची पायरी चढली नाही. वर्कशॉपला पायरी नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा ही गाडी घेऊन आली. सात माणसांची, डिझेलची, पंधरा वर्षं वापरलेली. या इंजिनाला गावात दुसरं कुणी हात लावत नाही म्हणून आली, अशी मिस्त्रीनं स्वतःची समजूत घातली. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा, इंजिनामागून जाणारा लोखंडी पाइप सडला होता. त्यानं नवा बसवला. वर्षभरात दुसरा गळला. मग तिसरा. आज चौथी खेप.

गाडी थंड व्हायला तास लागतो. तो तास मिस्त्रीला हवा असायचा. ती बाकड्यावर बसायची, तो उगाच पाने पुसत राहायचा, आणि तिचं लक्ष नाही असं बघून तिच्याकडे बघायचा. जरा वाळली होती. रात्री बायको विचारायची, "काय म्हणाली?"

"गाडी गरम होते म्हणाली."

"आणखी?"

"हॉर्न दबका वाजतो म्हणाली."

मग बायको ताट त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवायची.

"काय मिस्त्री," शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ओरडला, "एकाच गाडीचे पाइप चौथ्यांदा? गिऱ्हाईक टिकवायची युक्ती झकास आहे तुमची."

मिस्त्रीला ते जिव्हारी लागलं. कारण मागच्या खेपेला ती युक्ती खरंच त्याच्या मनात आली होती. क्लँप दोन आटे ढिला ठेवायचा. महिन्याभरात पोरगी पुन्हा समोर. स्क्रूड्रायव्हर हातात धरून तो बराच वेळ गाडीखाली पडून राहिला होता. शेवटी दात खाऊन क्लँप आवळला. हातांना वाईट काम करताच येत नव्हतं. आणि तरीही ती परत आली होती. दारात गाडी दिसली की आधी ऊर भरून यायचा, मग लाज वाटायची. तीस वर्षांत त्यानं केलेलं काम माघारी आलं नव्हतं. म्हणजे हात गेले आपले. म्हातारा झालो.

आज त्यानं ठरवून टाकलं. पुन्हा दिसली नाही तरी चालेल, पण आपल्या हाताच्या कामानं पोरगी भर रस्त्यात खोळंबायला नको.

"सगळे पाइप बदलायचे," त्यानं बॉनेटला सांगितलं. "एकदम स्टेनलेस टाकायचे. मग दहा वर्षं इकडे बघायला नको."

"दहा?" तिनं विचारलं.

"दहा. जास्तच."

ती चटकन गाडीजवळ आली. मग म्हणाली, "नको. गळतोय तेवढाच बदला."

"आमच्या कामावर भरवसा नसेल तर माणसानं दुसरा मिस्त्री बघावा," तो रेडिएटरला म्हणाला, आणि रागारागानं गाडीखाली शिरला.

खालचा नट सोडला. घमेल्यात पाणी पडलं ते तांबडं, गढूळ. मिस्त्री बघत राहिला. मागच्या खेपेला त्यानं स्वतः हिरवंगार कूलंट भरलं होतं. त्यानं दोन बोटं बुडवून चोळली. कूलंट बुळबुळीत लागतं. हे खरखरीत होतं. बोअरचं खारं पाणी. त्यानंच बसवलेला पाइप त्यानं स्क्रूड्रायव्हरनं ठोकून पाहिला, तर गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले. असलं पाणी भरल्यावर दुसरं काय होणार? हात गेले नव्हते.

तो सरपटत बाहेर आला. आज पहिल्यांदाच तो सरळ तिच्याशी बोलला.

"पाणी कुणी भरलं यात? तुझ्या नवऱ्यानं?"

"त्यांना बॉनेट उघडता येत नाही."

"मग?"

"मी भरलं."

"सगळं कूलंट काढून?"

"खालचा नट सोडून."

"दर वेळी?"

"पहिल्यांदा नाही. पहिला पाइप आपोआप सडला होता."

मिस्त्रीच्या हातातून तांबडं पाणी ठिबकत होतं. पंक्चरवाल्याचा पंप थांबला होता.

"एवढीशी होतीस तेव्हा शिकवलं होतं मी तुला," तो म्हणाला, "की खाऱ्या पाण्यानं पाइप आतून सडतात."

"लक्षात होतं, म्हणून तर."

"अगं, इंजिन बसलं असतं. भर रस्त्यात एकटी अडकली असतीस."

"मग काय करू?" ती म्हणाली. "इतकं पक्कं काम करता तुम्ही, बाबा. मी यायचं तरी कसं?"